इडली-डोशाची रेसिपी लिहिणाऱ्या राजाने, माशांना काय खायला घालायचं तेही ९०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं

जत, आटपाडी, माण, खटाव. सांगली-साताऱ्याचे हे तालुके म्हणजे पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारा मुलूख. पण आता इथे गावोगाव शेततळी दिसतात. आणि शेततळं झालं की पुढचा विचार हमखास डोक्यात येतो, यात मासे सोडले तर?

बीज आणलं जातं. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस. पेंड टाकली जाते, कोंडा टाकला जातो. आणि एखाद्या पहाटे तळ्यावर गेलं की मासे पोट वर करून तरंगताना दिसतात.

अशा वेळी दोष बीजाला दिला जातो, कधी खाद्याला तर कधी नशिबाला. पण तळ्यात भरलेलं पाणी कुठलं होतं, हा प्रश्न फार कमी जणांनी आधी विचारलेला असतो.

कुठला मासा कुठल्या पाण्यात राहतो, त्याचं अंग कसं असतं, त्याला काय खायला आवडतं, या गोष्टी ९०० वर्षांपूर्वी एका राजाने बसून लिहून काढल्या होत्या. पिण्याचं पाणी त्याच्या उगमावरून कसं ओळखायचं, तेही त्याच ग्रंथात लिहिलं होतं. कराड आणि मिरज तेव्हा त्याच्याच साम्राज्यात येत होते.

तो राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सम्राट तिसरा सोमेश्वर.

बाप दिग्विजयी, सासुरवाडी कराडची

सोमेश्वराची गोष्ट सुरू होते त्याच्या वडिलांपासून. सहावा विक्रमादित्य हा कल्याणीच्या चालुक्यांमधला सगळ्यात मोठा राजा. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेला अगदी लागून.

विक्रमादित्याने १०७६ मध्ये थोरल्या भावाला बाजूला सारून गादी घेतली आणि त्या वर्षापासून स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. त्याने ५० वर्षं राज्य केलं. त्याच्या दरबारात काश्मीरहून आलेला बिल्हण हा कवी होता. विज्ञानेश्वराने मिताक्षरा हा कायद्याचा ग्रंथ लिहिला तोही याच काळात, याच कल्याणीत. पुढे कित्येक शतकं भारताच्या मोठ्या भागात वारसाहक्काचे निवाडे या मिताक्षरेवरून होत राहिले.

या विक्रमादित्याची एक राणी आपल्या कराडची होती.

कराडचं जुनं नाव करहाट. तिथे शिलाहार घराण्याची सत्ता होती. बिल्हणाने आपल्या काव्यात या घराण्यातल्या राजकन्येच्या स्वयंवराचं वर्णन केलं आहे. तो तिला चंद्रलेखा म्हणतो, शिलालेखांमध्ये ती चंदलदेवी म्हणून येते. तिच्या रूपाची कीर्ती इतकी होती की काश्मीरचा राजा हर्ष तिचं नुसतं चित्र पाहून वेडावला होता, असं कल्हणाच्या राजतरंगिणीत आलं आहे. स्वयंवरात तिने वरलं ते विक्रमादित्याला.

म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं कराड हे कल्याणीच्या राजघराण्याची सासुरवाडी.

मिरजेच्या मुलखातलं तळं

याच शिलाहारांच्या घराण्यात गंडरादित्य नावाचा राजा झाला. कोल्हापूर, मिरज, कराड हा त्यांचा मुलूख, आणि वर अधिराज्य कल्याणीच्या चालुक्यांचं.

गंडरादित्याने मिरजेच्या मुलखात इरुकुडी इथे एक मोठं तळं बांधलं. त्याला स्वतःच्या नावावरून गंडसमुद्र असं नाव दिलं. आणि या तळ्याच्या काठावर त्याने शिव, बुद्ध आणि अर्हत अशा तिघांच्याही मूर्ती बसवल्या. शैव, बौद्ध आणि जैन, तिन्ही वाटांच्या लोकांना एकाच पाण्याच्या काठावर जागा दिली.

ताम्रपटात या तळ्याची नोंद आली, यावरूनच त्याचं महत्त्व कळतं. आजचा सांगली जिल्हा तेव्हाही पाण्याची किंमत ओळखून होता. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळतो आणि पूर्वेकडे जावं तसा आटत जातो. महाबळेश्वरला धो धो आणि माण-आटपाडीत थेंब थेंब. त्यामुळे पाणी अडवणं, साठवणं आणि साठवलेलं पाणी चांगलं ठेवणं, ही तिन्ही कामं या मुलखाला जुनीच.

राजा लिहायला बसतो

११२६ मध्ये विक्रमादित्य गेला आणि सोमेश्वर गादीवर आला. त्याने भूलोकमल्ल हे बिरुद घेतलं. वडिलांसारखाच त्यानेही स्वतःच्या नावाने वर्षं मोजायला सुरुवात केली. पण लोकांनी त्याला आणखी एक बिरुद लावलं, सर्वज्ञ. सगळं जाणणारा.

तलवारीच्या बाबतीत तो बापाच्या तोडीचा ठरला नाही. दक्षिणेकडे होयसळ राजा विष्णुवर्धन डोकं वर काढत होता. पूर्वेकडचा वेंगीचा प्रदेश हातातून निसटला. मोठ्या मोहिमा काढून राज्य वाढवल्याच्या कथा सोमेश्वराच्या नावावर फारशा नाहीत.

त्याचं नाव राहिलं ते एका ग्रंथामुळे.

मानसोल्लास. दुसरं नाव अभिलषितार्थचिंतामणी. शके १०५१ म्हणजे साधारण ११२९ च्या सुमारास हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. पाच भाग, प्रत्येक भागात २० अध्याय, असे एकूण १००. म्हणून या भागांना विंशती म्हणतात. राज्य कसं मिळवावं, ते टिकवावं कसं, राजाने उपभोग कोणते घ्यावेत, करमणूक कशी करावी आणि खेळ कोणते खेळावेत, असा त्याचा क्रम आहे.

पण आतला मजकूर बघितला तर डोकं चक्रावतं. हत्ती कसे पकडावेत. घोड्यांची पारख कशी करावी. किल्ले किती प्रकारचे असतात. चित्रासाठी भिंत कशी तयार करावी. गाणं, नाच, वाद्यं, रत्नं, अत्तरं, कुस्त्या. उडदाची इडली, डोसा, वडे, मांडे यांच्या कृती. इडली-डोशाच्या इतिहासाची चर्चा निघाली की आजही या ग्रंथाचं नाव निघतं ते यामुळेच.

महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओव्या गातात, अशी नोंदही यात आहे. मराठी ओवीच्या जुन्यातल्या जुन्या उल्लेखांमध्ये ती मोजली जाते.

आधी पाणी

या ग्रंथाच्या उपभोगाच्या भागात अन्नाबरोबर पाण्यावरही स्वतंत्र अध्याय आहे. राजाने पाणी कोणतं प्यावं, हा त्याचा विषय.

सोमेश्वर पाण्याचे प्रकार पाडतो ते ते कुठून आलं यावरून. पावसाचं, नदीचं, झऱ्याचं, विहिरीचं, तळ्याचं. प्रत्येकाचे गुण वेगळे. आणि कोणत्या ऋतूत कोणतं पाणी चांगलं, हेही तो सांगतो. म्हणजे एकच नदी बारा महिने सारखी नसते, पावसाळ्यातलं पाणी आणि उन्हाळ्यातलं पाणी यात फरक असतो, हे तो गृहीतच धरतो. पाणी स्वच्छ कसं करायचं, सुगंधी कसं करायचं, हेही पुढे येतं.

तेव्हा प्रयोगशाळा नव्हती, मोजायचं यंत्र नव्हतं. होता तो डोळा, नाक, जीभ आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. हा सगळा विचार राजाच्या पेल्यासाठी होता, माशांसाठी नव्हता, हेही खरं. पण उगम आणि ऋतू हे त्याने पकडलेले दोन धागे आजचा पाण्याचा जाणकारही सोडत नाही.

मग मासे

करमणुकीच्या भागात मत्स्यविनोद नावाचा अध्याय आहे. राजाने गळ टाकून मासे कसे पकडावेत, हा त्याचा विषय. आजच्या भाषेत अँगलिंग.

पण गळ टाकण्याआधी सोमेश्वर माशांची ओळख करून देतो. समुद्रातले वेगळे आणि नदीतले वेगळे. खवल्यांचे वेगळे आणि नुसत्या कातडीचे वेगळे. मोठे, मध्यम आणि लहान. अशा तऱ्हेने तो तिसाहून अधिक माशांची नावं देतो. रोहित येतो, पाठीन येतो. त्यातलं एक नाव आजच्या महसीरशी जोडलं जातं. खळाळत्या, थंड, स्वच्छ पाण्याचा हा मोठा मासा कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातही आढळतो.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. माशाला काय खायला घालायचं. तिळाची पेंड, पिठाचे आणि भाताचे गोळे, काहींना मांसाचे गोळे. सगळ्यांना एकच खाद्य नाही. ठरलेल्या जागी असं खाद्य टाकत राहायचं, म्हणजे मासे तिथे जमायला लागतात, अंगाने भरतात आणि मग गळ टाकायचा.

भारतातल्या मत्स्यपालनाचा इतिहास सांगताना, साठवलेल्या पाण्यात मासे खाऊ घालून पोसण्याचा जुना पुरावा म्हणून या ग्रंथाचं नाव घेतलं जातं. आज सांगली-साताऱ्यातला शेतकरी तळ्यात शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा टाकतो. ९०० वर्षांत तिळाच्या जागी शेंगदाणा आला, कारण शेंगदाणा तेव्हा भारतात पोचलाच नव्हता. पेंड तीच राहिली.

हे सगळं राजाला कळलं कुठून? ग्रंथात त्याचं उत्तर नाही. पण कुठला मासा कुठल्या डोहात बसतो आणि कशाला तोंड लावतो, ही माहिती राजवाड्यात बसून मिळत नाही. ती नदीवर जगणाऱ्या माणसांकडेच असते. भोई, कोळी अशा माणसांचं ज्ञान राजाच्या नावाने ग्रंथात गेलं असण्याचीच शक्यता मोठी. त्या माणसांची नावं मात्र कुठे लिहिली गेली नाहीत.

राजा गेला, ग्रंथ राहिला

११३८ च्या सुमारास सोमेश्वराची कारकीर्द संपली. मुलगा जगदेकमल्ल गादीवर आला. पण साम्राज्याची वीण सैल झाली होती. पुढच्या २० वर्षांत चालुक्यांचाच मांडलिक असलेल्या कलचुरी बिज्जलाने कल्याणी ताब्यात घेतली. याच बिज्जलाच्या काळात कल्याणीत महात्मा बसवेश्वरांची चळवळ उभी राहिली. शतक संपता संपता चालुक्यांचं राज्य यादव आणि होयसळांनी वाटून घेतलं.

मानसोल्लास मात्र हस्तलिखितांमधून टिकला. विसाव्या शतकात गजानन श्रीगोंदेकर यांनी तो संपादित केला आणि बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजने छापला. पहिला खंड १९२५ मध्ये आला, दुसरा १९३९ मध्ये.

तिथून तो एका वेगळ्याच माणसाच्या हातात पडला. सुंदरलाल होरा हे भारतातले नावाजलेले मत्स्यशास्त्रज्ञ. जुन्या संस्कृत ग्रंथांमधले मासे म्हणजे आजचे नेमके कोणते, हे शोधायचा त्यांना नाद होता. १९५१ मध्ये त्यांनी मत्स्यविनोदावर लेख लिहिला आणि राजाच्या करमणुकीचा अध्याय शास्त्राच्या टेबलावर आला.

आज ते पाणी कसं तपासायचं?

सोमेश्वराचा पहिला प्रश्न होता, पाणी आलं कुठून. तोच प्रश्न आज शेततळ्यावर उभं राहून विचारला, तर चार उत्तरं मिळतात.

पहिलं, पावसाचं आणि ओढ्याचं पाणी. हे फुकट मिळतं, पण सोबत माती घेऊन येतं. गढूळ पाण्यात ऊन खाली उतरत नाही, त्यामुळे माशांचं नैसर्गिक खाद्य असलेलं शेवाळ वाढत नाही. वरच्या शेतात फवारणी झाली असेल तर औषधही वाहून येतं.

दुसरं, कॅनॉलचं आणि नदीचं पाणी. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून आटपाडीपर्यंत नेते, म्हैसाळ योजना जतच्या दिशेने. हे पाणी साधारणपणे चांगलं, पण त्यातून मरळ, शिवडा यांसारखे दुसऱ्या माशांवर जगणारे मासे आत शिरतात आणि बोटुकली फस्त करतात. म्हणून पाणी घेताना तोंडाला बारीक जाळी हवीच.

तिसरं, बोअरचं आणि विहिरीचं पाणी. दिसायला काचेसारखं. फसगत इथेच होते. जमिनीखालच्या पाण्याला हवा लागलेली नसते, त्यामुळे त्यात विरघळलेला ऑक्सिजन फार कमी असतो. कार्बन डायऑक्साइड मात्र जास्त असू शकतो. असं पाणी भरून लगेच बीज सोडलं तर ते गुदमरतं. पाणी उंचावरून, फवारत पाडायचं, काही दिवस उन्हावाऱ्यात ठेवायचं आणि मगच बीज सोडायचं.

चौथं, क्षारपड जमिनीतलं पाणी. कृष्णाकाठी वाळवा, मिरज, पलूस भागात वर्षानुवर्षं उसाला भरमसाट पाणी देऊन हजारो एकर जमीन मिठागरासारखी झाली आहे. इथे पीक येत नाही म्हणून मत्स्यपालनाचा पर्याय पुढे येतो, अगदी कोळंबीचाही. पण जमिनीतलं खारं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. त्यात पोटॅशियम बहुतेकदा फारच कमी असतं आणि त्यामुळे कोळंबी मरते. हरियाणातल्या खाऱ्या जमिनींवर झालेल्या कामातून हे समोर आलं, आणि पोटॅश घालून तिथे कोळंबी जगवली गेली. म्हणून नुसतं पाणी खारट लागतं म्हणून कोळंबी सोडायची नाही, आधी क्षार तपासायचे.

उगम कळला की मग मोजमाप. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असावा. पीएच साधारण ७ ते ८.५ च्या मध्ये. कटला-रोहूसाठी तापमान २५ ते ३२ अंश बरं. पारदर्शकता २५ ते ४० सेंटिमीटर. हात कोपरापर्यंत पाण्यात घालून तळवा जेमतेम दिसला, तर पाणी साधारण बरोबर. तळवा फारच वरून दिसेनासा झाला तर शेवाळ किंवा माती जास्त, तळापर्यंत सगळं स्वच्छ दिसलं तर माशांना नैसर्गिक खाद्य नाही.

आणि तपासायची वेळही महत्त्वाची. दिवसा शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. त्यामुळे पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. दुपारी दोन वाजता घेतलेला नमुना उत्तम येईल आणि त्याच तळ्यात पहाटे पाच वाजता मासे मरतील. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ती धोक्याची घंटा. त्या दिवशी पेंड बंद, एरेटर चालू किंवा ताजं पाणी आत.

पेंड जास्त झाली की ती तळाशी कुजते, अमोनिया वाढतो. पीएच आणि तापमान चढलं की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून भर उन्हाळ्यात, पाणी कमी झालेलं असताना, खाद्याचा हात आखडता घ्यावा लागतो. प्लास्टिकचा कागद टाकलेल्या शेततळ्यात तर माती नसतेच. खताने वाढणारं नैसर्गिक खाद्य तिथे कमी राहतं, सगळा भार पेंडीवर येतो, आणि म्हणून पाणीही लवकर बिघडतं.

कृष्णेचा प्रश्न

हे झालं तळ्याचं. पण नदीच बिघडली तर?

अलीकडच्या वर्षांत सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात हजारो मासे मरून तरंगल्याच्या घटना घडल्या. दूषित पाणी नदीत सोडल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. मळीमिश्रित सांडपाणी नदीत मिसळलं की जिवाणू ते कुजवायला लागतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात. उन्हाळ्यात नदीला धार नसते, त्यामुळे विषाला पांगायला जागाही मिळत नाही.

त्याच नदीचं पाणी योजनेतून उचललं जातं, कॅनॉलला येतं आणि शेततळ्यात पडतं. संगमावर पाणी चांगलं होतं की नव्हतं, याचा हिशोब शेवटी आटपाडीच्या तळ्यातला मासा चुकवतो. सांगलीच्या घाटावर जाळं टाकणाऱ्या भोई कुटुंबांचा तर तो रोजच्या भाकरीचाच हिशोब आहे.

सोमेश्वराने तिसाहून अधिक माशांची नावं लिहून ठेवली. त्याचं राज्य गेलं, राजधानी गेली, पण नावं राहिली. कृष्णा आजही वाहते. पण त्या यादीतला मासा नदीत उरेल की नुसता ग्रंथात, हे पाण्यावर ठरणार आहे.

शेततळ्यात बीज सोडण्याआधी पाण्याची बाटली तपासायला द्यायला फार पैसे लागत नाहीत. मेलेलं बीज आणि वाया गेलेलं वर्ष त्याहून कितीतरी महाग पडतं.